रेख माझी, भरणी तिची

दुकान घेऊ नका, असं मला कुणीही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याच्यावर थोडा तरी दोष ढकलता आला असता, आणि दोष ढकलण्यात माझा हात धरणारा माणूस पुण्यात नाही. पण तो उद्योग माझ्या एकट्याच्या डोक्यातून निघाला. माझ्या डोक्यातून निघालेल्या उद्योगांची गत काय होते ते शनिवार पेठेत कुणालाही विचारा. आभाळ बघून, आज पाऊस येत नाही, असं ठरवून मी लुगडी वाळत घातली, की शेजारीपाजारी आपापलं सरपण आत घ्यायचे.

आम्ही कापडावर छापणारी माणसं. कोरं पांढरं लुगडं आमच्या घरात यायचं आणि फुलांचं होऊन जायचं. घर पेठेच्या मागच्या अंगाला, मुठेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर, कारण छापलेलं कापड धुवायला वाहतं पाणी लागतं. मागच्या पडवीत एक लांबलचक पाट होता. त्यावर घोंगड्यांची घडी, घडीवर ताणून बसवलेलं कापड. पाटाच्या अलीकडे मी, पलीकडे ती, माझी बायको. सकाळी वाड्यावरचा नगारा झाला की आम्ही बसायचो ते सूर्य डोक्यावर येईपर्यंत.

फुलाची काळी कड मी छापायची. तिला रेख म्हणतात. त्या कडेच्या आतला लाल तिनं भरायचा, ती भरणी. दोघांचे ठसे जोडीचे, एकाच सुताराकडून कोरून घेतलेले, आणि प्रत्येक ठशाच्या कोपऱ्यात एक बारीक टिंब. रेखेच्या टिंबावर भरणीचं टिंब ठेवायचं आणि वरून मूठ मारायची, म्हणजे लाल बरोबर कडेच्या आत बसतो. हा लालही तेव्हा लाल दिसत नाही. ती असते तुरटीची खळ, नजरेला दिसावी म्हणून चिमूटभर गेरू घातलेली. पुढे ते कापड मंजिष्ठेच्या कढईत उकळलं, की जिथे जिथे तुरटी लागलीय तिथेच रंग धरतो. त्यामुळे आज केलेली चूक डोळ्यांत भरते ती आठ दिवसांनी.

माझी मूठ एकदा पडायची, तिची दोनदा. आमच्या घरात आज काय चाललंय हे गल्लीला त्या आवाजावरून समजायचं. कारण आम्ही जे काही बोललो ते त्या पाटावर. जेवताना बोलायची सवय नव्हती, आणि बाकी वेळ कुणाला होता?

"तुमच्या बहिणीचा निरोप आलाय."

"काय म्हणते?"

"येते म्हणते."

"किती दिवस?"

"ते काही म्हणाली नाही." आणि तिच्या दोन मुठी अशा बसायच्या, की पाटाखाली झोपलेलं मांजर उठून दुसरीकडे जायचं.

माझ्या रेखेला पुण्यात नाव होतं. निदान मी तसं समजत होतो. एकदा एक बाई म्हणाल्या होत्या, "यांची फुलं नुसती बसलेली नसतात हो, जरा मान वळवून बघत असतात." हे वाक्य मी हिला इतक्यांदा ऐकवलं होतं, की शेवटी शेवटी मी "परवा एक बाई" एवढं म्हणालो की ती पुढचं सगळं पुरं करायची.

मुलगी सासरी गेली आणि घरात आम्ही दोघंच राहिलो. मग एक दिवस मी रविवार पेठेत कोऱ्या कापडाचे तागे आणायला गेलो. तिथला व्यापारी जुना ओळखीचा. तोंडानं असा, की कापड मोजून देतानाही समोरच्याची लांबीरुंदी काढायचा.

"काय रंगारी, अजून चुलीपुढेच छापता का?"

"चुलीपुढे नाही, पडवीत."

"तेच ते. परवा एका सरदाराकडची माणसं तुमचं घर शोधत तीन गल्ल्या हिंडली म्हणे. शेवटी इथेच येऊन दुसऱ्याची लुगडी घेऊन गेली." त्यानं तागा गुंडाळला. "कलाकुसर बाजारात मांडायची असते. घरात मांडायचा तो संसार."

एवढंच. दुसऱ्या कुणी ते ऐकून हसून सोडून दिलं असतं. मी ते वाक्य घरापर्यंत डोक्यावरच्या ताग्यासारखं वाहून आणलं आणि पंधरा दिवसांत बुधवार पेठेतल्या हमरस्त्यावर दोन खणांचा गाळा ठरवून मोकळा झालो.

तिला सांगितलं ते पाटावरच. मला वाटलं होतं, ती म्हणेल एवढा खर्च कशाला, आणि मी तयारी करून ठेवलेली चारपाच उत्तरं मला देता येतील. तिनं ते काहीच विचारलं नाही. भरणीचा ठसा खळीत बुडवून तिनं एवढंच विचारलं, "तिथं पाटाची माझी बाजू कुठली? रस्त्याकडची की भिंतीकडची?"

मी हसलो. हे मी लिहून ठेवतोय, कारण त्या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली. मी म्हणालो, "अगं, तुला कशाला तिथं यायचं? आता तू दुकानदाराची बायको. वीस वर्षं पाठ मोडलीस. भरणीला मी माणूस ठेवतो. तू आराम कर."

तिनं ठसा कापडावर टेकवला, दोनदा मूठ मारली आणि म्हणाली, "बरं."

तिला दुकानात यायला कुणी मनाई केली नव्हती. बुधवारात बांगडीवाली बसायची, फुलांच्या पाट्या घेऊन माळणी बसायच्या, आमच्या गाळ्यासमोर तर एक म्हातारी चुरमुरे विकायची आणि सगळ्या रस्त्याला दम भरायची. आमच्या जातीतल्या कुणी भुवई उंचावली नसती. माझ्याच डोळ्यांपुढे एक दुकानदार बसला होता. तो गादीवर बसलेला असतो, आणि त्याची बायको घरात असते. तिचे हात स्वच्छ असतात. हे चित्र मी कुठे पाहिलं होतं कोण जाणे. मी ते तिला बक्षीस म्हणून देत होतो.

सामान हलवायचा दिवस आला. ठसे टोपल्यांत भरले. पाट मात्र इतका लांब, की गाडीत मावेना. मग चार माणसं बोलावली, त्यांच्या खांद्यावर पाट चढवला, आणि धूळ बसू नये म्हणून मी माझ्या अकलेनं त्यावर एक पांढरं कापड टाकून दोरीनं बांधलं. पुढे मी, हातात रंगाचं मडकं. आमची ही मिरवणूक निघाली तशी रस्त्यातली माणसं बाजूला होऊन उभी राहायला लागली. एकदोघांनी हात जोडले. मला वाटलं, काय मान आहे बघा कारागिराला. एका ओट्यावर बसलेल्या गृहस्थांनी पगडी सारखी करत विचारलं, "कोण गेलं?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "कुणी नाही हो," मी म्हणालो, "दुकान मांडतोय. पाट आहे."

ते पुन्हा टेकून बसले. "असं होय. मग सावकाश जा. दुकानाला काय, घाई नसते."

मागे वळून बघितलं तर ती दारात नव्हती. संध्याकाळी घरी आलो तेव्हा कळलं, ती पडवी सारवत होती. पाटाखालची जमीन वीस वर्षांनी उघडी पडली होती.

दुकानाचं पहिलं चातुर्य असं की त्याचं तोंड पश्चिमेला होतं. दुपार कलली की ऊन थेट पाटावर, आणि खळ ठशावरच वाळून जायची. रस्त्यावरून घोडी गेली की धूळ ओल्या छपाईवर बसायची. एकदा कुठल्या मोहिमेवरून पथकं परत आली, लोक दुतर्फा उभे राहून आनंद करत होते, आणि मी एकटा कापडावर आडवा पडलो होतो. पण खरी फजिती झाली ती गाईनं. आमचा काळा रंग होतो लोखंडाचे गंजके तुकडे गुळाच्या पाण्यात मुरवून. घरात तो गूळ मुंग्यांपलीकडे कुणाला कळला नव्हता. मी कुणा गिऱ्हाइकाला आपल्या रेखेची महती सांगत पाठमोरा बसलो होतो. ते गृहस्थ शांतपणे माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, "तुमचं सगळं खरं. गाईलाही फार आवडलेलं दिसतंय." वळून बघतो तर गाईनं लुगड्याचा अर्धा पदर साफ चाटलेला.

हे सगळं मी घरी जाऊन सांगावं, आणि तिनं त्यावर काही बोलावं, असं मला फार वाटायचं. पण सांगायचं कुठे? पाट दुकानात होता. ती ताट वाढायची, मी जेवायचो. "आज गाय आली होती," मी म्हणायचो. "हो का," ती म्हणायची. समोरासमोर, मध्ये काही काम नसताना, आम्हाला एकमेकांशी बोलताच येत नव्हतं. हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

दोनतीन महिने गेले असतील. ती मला पाणी देत होती आणि माझी नजर तिच्या बोटांवर गेली. तिची नखं मी लग्नापासून काळीच पाहिली होती. लोखंडाचा काळा घरी तीच मुरवायची, आणि तो नखांत शिरतो तो कशानं निघत नाही. आता नखं पुढे वाढली होती, कापली गेली होती, आणि मुळापासून गुलाबी आली होती. मला इतका आनंद झाला. मी म्हणालो, "बघ, कसे हात दिसतात. सरदारणीसारखे."

तिनं हात उलटे करून पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पदराखाली घेतले.

दुकानात भरणीला मी एक माणूस ठेवला होता. हात चलाख, अगदी टिंबावर टिंब. पहिलं कापड उकळून, घाटावर धुऊन, वाळवून आणलं आणि पाहतो तर प्रत्येक फुलाच्या उजव्या अंगाला एक पांढरी फट, आणि डाव्या अंगाला लाल कडेबाहेर गेलेला. एका फुलाला नाही, सगळ्या फुलांना. मी त्या माणसाला वाटेल ते बोललो. म्हणालो, आमच्या घरची बाईमाणूस तुझ्यापेक्षा बरी भरते. तो ठसा ठेवून गेला. त्याच्यावर मी अन्याय केला, आणि पुढे तो मला भेटला नाही.

त्याच्या जागी एक म्हातारे चाचा आले. त्यांची तीन पिढ्यांची छपाई पुण्यातच झालेली. त्यांनी दोन दिवस मुकाट्यानं काम केलं. तिसऱ्या दिवशी ठसा खाली ठेवला आणि म्हणाले, "रंगारीदादा, एक विचारू? राग नका मानू."

"विचारा की."

"तुम्ही रेख अशीच काढता का, का माझी परीक्षा बघताय?"

"अशीच म्हणजे कशी?"

"वाकडी."

मी इतका संतापलो की मला हसूच आलं. "चाचा, अहो वीस वर्षं ह्या हातानं छापतोय. एक कापड परत आलेलं नाही."

"मग भरणारा कोण होता," ते म्हणाले, "त्याला बोलवा. त्याचे पाय धरायचेत मला."

भर दुपारी दुकान चाचांवर टाकून ते कापड घेऊन मी घरी आलो. मला साक्षीदार हवा होता. ती सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर कापड पसरलं. "बघ. म्हातारा म्हणतो माझी रेख वाकडी आहे."

तिनं कापड उजेडाकडे फिरवलं. एका फुलाच्या टिंबावर बोट ठेवलं. "आहेच," ती म्हणाली.

"काय आहे?"

"वाकडी. ठसा टेकवताना तुमचा अंगठा टिंबाच्या कोपऱ्यावर घट्ट असतो, आणि मूठ पडते पलीकडे. मग ठसा त्या कोपऱ्याभोवती केसभर फिरतो. टिंब जागेवर राहतं आणि फूल वळतं."

"कधीपासून?"

"मी आले तेव्हापासून."

"मग आपली कापडं..."

"मी मनगट वळवायची." तिनं सूप खाली ठेवलं आणि हात हवेत धरून दाखवलं. दिसेल न दिसेल इतकंच ते वळलं. वीस वर्षं मी तिच्यासमोर बसलो होतो आणि ते मी पाहिलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीस कधी?"

तिनं सूप पुन्हा जवळ ओढलं. माझ्यावर राग काढायची याहून चांगली वेळ तिला मिळाली नसती, पण तिच्या मनात तसं काही नव्हतं. "पहिल्या वर्षी सांगणार होते. पण सासूबाई समोर असायच्या, त्यांच्यापुढे तुम्हाला कसं सांगायचं? पुढे हात बसला. मग सांगण्यासारखं राहिलंच काय? फूल तर नीट येत होतं."

मी खाली बसलो. "तू दुकानात ये," मी म्हणालो. "रस्त्याकडची बाजू घे, भिंतीकडची घे. गादीवर बस."

"दुकानात नको," ती म्हणाली. "पाट घरी आणा."

तिच्या तोंडून असं काही मागणं मी क्वचितच ऐकलं होतं. मी जवळजवळ पळतच परत गेलो.

आणि आता माझी सगळ्यांत मोठी चूक सांगतो. तीच माणसं बोलावून पाट घरी न्यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी स्वतःला सुधारलं. मला लाज वाटत होती. वाटलं, इतकी वर्षं हिनं माझं वाकडं सावरलं, आता निदान सरळ रेख घेऊन तिच्यासमोर बसावं. चाचांना शेजारी बसवून मी जुन्या चिंध्यांवर दिवसभर ठसे मारले. अंगठा टिंबावरून काढला, मूठ मधोमध आणली. चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "आता कुणीही भरील." मला ते कौतुक वाटलं.

पडवीत पाट मांडला. तिनं पदर खोचला, खळ हलवून पाहिली, आपल्या बाजूला बसली. नव्या नवरीसारखी नाही म्हणणार मी, नवी असताना ती इतकी खुशीत नव्हती. मी पहिली ओळ छापली. अगदी सरळ. तिनं मागोमाग भरायला घेतलं, माझी एक मूठ, तिच्या दोन, आणि गल्लीत कुणीतरी थांबल्याचं मला ऐकू आलं.

चारपाच फुलं झाली आणि तिचा हात थांबला. तिनं वाकून पाहिलं. खळ कडेच्या बाहेर गेली होती.

"तुम्ही सरळ छापताय," ती म्हणाली.

"शिकलो," मी म्हणालो.

"हो." तिनं पुन्हा ठसा उचलला. आता ती एकेका फुलाकडे बघून, थांबून, जपून ठेवत होती. तरी मूठ पडायच्या क्षणी मनगट वळायचंच. दुसरी ओळही गेली. "नजरेला दिसतंय," ती म्हणाली, "पण हात ऐकत नाही."

"मग मी पहिल्यासारखं करतो. त्यात काय?"

आयुष्यभर मी न शिकता वाकडा होतो. त्या दिवशी मी मनापासून, अक्कल वापरून वाकडं छापायला बसलो आणि ते मला साधेना. अंगठा टिंबावर ठेवला, मूठ पलीकडे मारली. एक फूल मान मोडल्यासारखं पडलं. पुढचं ताठ. त्याच्या पुढचं भलतीकडेच. ती ठसा हातात धरून वाट बघत होती. मी ठसा पुसून पुन्हा मारला. घाम यायला लागला.

"मुद्दाम करताय," ती म्हणाली.

"नाही गं."

"करताय. राहू द्या."

"थोडा वेळ दे, बसेल हात. चार दिवसांत सरळ झालो, तर चार दिवसांत वाकडाही होईन."

यावर ती हसली. मग तिनं ठसा पुसला आणि टोपलीत ठेवला. कोरीव बाजू वर करून, झिजू नये म्हणून ठेवतात तसा. "राहू द्या हो," ती पुन्हा म्हणाली, आणि हे इतक्या मायेनं म्हणाली की मला तिच्याशी भांडताही आलं नाही. ती हात धुवायला गेली. मी पाटाच्या माझ्या बाजूला बसून राहिलो.

त्यानंतर ती पाटावर बसली नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

दुकान चाललं, हे सांगायला हवं. चांगलं चाललं. रेख आणि भरणी दोन्ही चाचा करायला लागले, आणि इकडून तिकडून छापून आलेला मालही मी ठेवायला लागलो. मी फक्त गादीवर बसतो आणि बोलतो. रविवार पेठेतला तो व्यापारी एकदा येऊन गेला आणि म्हणाला, "आता शोभता." मी त्याला पान दिलं.

संध्याकाळी घरी जातो. ती ताट वाढते. काल मी तिला सांगितलं, खुद्द वाड्यावरून आज दुकानात माणूस आला होता, माझी रेख पुण्यात पहिली म्हणाला. साफ खोटं. पूर्वी तिनं दोन ठोक्यांत मला उघडं पाडलं असतं, कुठला माणूस, कसली पगडी होती, असं विचारून. ती म्हणाली, "छान झालं," आणि भात वाढला.

मला राहवेना. "अगं, खोटं आहे ते," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि भातावर आमटी घातली.